फुटबॉलच्या मॅचनंतरचे ७२ तास: नव्या खेळाडूंसाठी मार्गदर्शन

मॅच संपली की शरीर एका दमात पूर्ववत होत नाही. धाप दहा मिनिटांत बसते. घामावाटे गेलेलं पाणी भरून निघायला काही तास लागतात, स्नायूंमधला साखरेचा साठा भरायला एक ते तीन दिवस लागतात आणि दुखावलेले स्नायुतंतू सांधायला साधारण तीन दिवस, कधी त्याहून जास्त. नव्या खेळाडूची फसगत इथेच होते. धाप बसली, जेवण झालं, झोप झाली, म्हणजे आता आपण ठणठणीत, असं समजून तो दुसऱ्याच दिवशी पुन्हा पूर्ण जोराने पळायला उतरतो.

मॅचच्या आदल्या दिवसापासून नंतरच्या तिसऱ्या दिवसापर्यंत काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. आकडे निरोगी प्रौढांसाठी आहेत. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर खाण्यापिण्याची आणि मिठाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

९० मिनिटांत शरीरात काय घडतं

व्यावसायिक फुटबॉलमध्ये मैदानावरचा खेळाडू एका मॅचमध्ये साधारण १० ते १३ किलोमीटर अंतर कापतो, गोलकीपर ४ ते ६. हौशी खेळाडूचं अंतर कमी भरतं, पण त्याच्या कुवतीच्या मानाने श्रम काही कमी नसतात. आणि नुसतं अंतर पाहून फारसं कळत नाही. फुटबॉलमध्ये दर चार ते सहा सेकंदांनी हालचाल बदलते: चालणं, हलकं पळणं, स्प्रिंट, वळण, उडी, टॅकल, परत चालणं. नाडी सरासरी कमाल नाडीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. कमाल नाडीचा ढोबळ अंदाज २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा काढतात. तिशीतल्या खेळाडूची कमाल नाडी १८७ धरली, तर मॅचभर ती सरासरी १६०च्या जवळपास असते.

दोन-तीन सेकंदांच्या स्प्रिंटला लागणारी ऊर्जा मुख्यतः स्नायूंमधल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते. हा साठा छोटा असतो, पण चालत किंवा उभं राहून तीन ते पाच मिनिटं मिळाली की बहुतेक भरून येतो. लागोपाठ तीन-चार स्प्रिंटनंतर पाय जड होतात आणि थोड्या वेळाने हलके होतात, ते बऱ्याच अंशी यामुळे.

दुसऱ्या हाफच्या शेवटी येणारा जडपणा मात्र वेगळा असतो. स्नायूंमध्ये साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते, सगळ्या स्नायूंत मिळून साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. मॅचअखेर मांडीच्या स्नायूचा नमुना तपासला तर जवळपास निम्मे तंतू रिकामे किंवा रिकामे होत आलेले सापडतात. एकूण साठा संपलेला नसतो, पण वेगासाठी लागणारे तंतू आधी रिते होतात. म्हणून ८०व्या मिनिटाला हळू पळता येतं आणि स्प्रिंट मात्र निघत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणून दुसऱ्या दिवशी अंग दुखतं’ हे चुकीचं आहे. रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच रूप) मॅचनंतर तासाभरात जवळजवळ नेहमीच्या पातळीवर येतं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं कारण ब्रेक लावण्यात आहे.

भरधाव पळताना पाय पुढे फेकला जातो. पाऊल जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी मांडीमागचा हॅमस्ट्रिंग त्या पायाला आवरून धरतो. त्या क्षणी हा स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच जोर लावत असतो. थांबताना आणि वळताना मांडीच्या पुढच्या स्नायूचं तेच होतं: गुडघा वाकत जातो आणि स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं सगळं वजन पेलतो. अशा जोरात तंतूंच्या आतल्या बारीक रचना विस्कटतात. नंतर तिथे सूज येते, दुरुस्ती सुरू होते आणि क्रिएटिन कायनेज नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं. दुखणं मॅचनंतर २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं. त्यामुळे पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जिना उतरणं अवघड गेलं तर घाबरू नका.

एक चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लक्षात ठेवतो. एकदा असा भार सोसला की पुढच्या काही आठवड्यांत तेवढ्याच भाराने दुखणं बरंच कमी होतं. पहिल्या मॅचनंतर होणारी दैना कायमची नसते. मात्र महिना-दोन महिन्यांचा खंड पडला की हे संरक्षण ओसरतं, म्हणून मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा कमी वेळेपासूनच सुरुवात करा.

आदल्या दिवसापासून शिट्टीपर्यंत

सावरण्याचं निम्मं काम मॅचआधीच होतं. भरलेल्या साठ्याने उतरलेला खेळाडू उशिरा थकतो. थकव्याने पाऊल चुकीचं पडण्याची वेळ मग कमी येते आणि नंतर भरायचा खड्डाही लहान राहतो.

आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको. पूर्ण ९० मिनिटं खेळणार असाल तर दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे ६ ते ८ ग्रॅम कर्बोदकं असा व्यावसायिक खेळाडूंचा दंडक आहे. आठवड्यातून एकदा ४०-५० मिनिटं खेळणाऱ्याला एवढ्याची गरज नाही. प्रत्येक जेवणात भात, बटाटा, ब्रेड किंवा पास्ता नेहमीपेक्षा थोडा जास्त घेतला तरी पुरे.

मॅचच्या तीन-चार तास आधी मुख्य जेवण घ्या, दर किलोमागे १ ते ३ ग्रॅम कर्बोदकांचं. तळलेलं, खूप तिखट, फार चोथ्याचं टाळा. ते पोटात रेंगाळतं आणि पळताना मळमळतं. मॅचआधी दोन ते चार तासांत दर किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर पाणी थोडं थोडं करत प्या. ७० किलो वजनाला हे ३५० ते ४९० मिलिलिटर होतं. लघवी फिकट पिवळी दिसली की आणखी ढोसायची गरज नाही.

वॉर्म-अपसाठी ‘फिफा ११+’ हा तयार आणि मोफत कार्यक्रम उत्तम आहे. सुमारे २० मिनिटं लागतात: ८ मिनिटं हलकं पळणं आणि हालचाली, १० मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची २ मिनिटं वेगाने पळणं आणि वळणं. आठवड्यातून किमान दोनदा नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त घटल्याचं दिसलं आहे. यात हॅमस्ट्रिंगचा एक व्यायाम आहे: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरायचे आणि पाठ व मांड्या एका रेषेत ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकत जायचं, शेवटी हात टेकायचे. सुरुवात ३ ते ५ वेळांपासून करा. हा व्यायाम पहिल्यांदा केल्यावर मांडीमागे चांगलंच दुखतं. म्हणून पहिली खेप मॅचच्या आधी दोन-तीन दिवसांत नको. आठवड्याच्या सुरुवातीला सरावात करा. नेमाने केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. एवढ्या कमी वेळात एवढा फायदा देणारं फुटबॉलमध्ये दुसरं फारसं काही नाही. तरी सर्वांत जास्त टाळाटाळ याचीच होते, याची खंत वाटते.

मॅच चालू असताना

पाणी बाजूरेषेजवळ ठेवा आणि खेळ थांबला की दोन-तीन घोट घ्या. तासाभरापेक्षा जास्त खेळणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखरेचा उपयोग होतो. घरी करायचं पेय सोपं आहे: १ लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर (सपाट भरलेले पाच मोठे चमचे) आणि पाव छोटा चमचा मीठ. साखर याहून खूप वाढवली तर पेय पोटात साचतं आणि कळ येते. पहिल्यांदा सरावात पिऊन पाहा, थेट मॅचमध्ये नको.

हाफटाइमच्या १५ मिनिटांत बहुतेकजण बसून राहतात. नुसतं बसलं तर स्नायूंचं तापमान सुमारे २ अंशांनी उतरतं आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला स्प्रिंट मंदावते. पहिली सात-आठ मिनिटं बसा, पाणी प्या, हवं तर अर्धं केळं खा. शेवटची चार-पाच मिनिटं उठून हलकं पळा, दोन-तीन वेगवान धावा घ्या.

उन्हाळ्यात शरीराचं आतलं तापमान ३९ अंशांच्या वर जातं. हवेतला ओलावा जास्त असेल तर घाम नुसता ठिबकतो, सुकत नाही, आणि तो सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. फुटबॉलच्या नियमांत पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंतची आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांची विश्रांती मान्य आहे. हौशी सामन्यात कर्णधाराने नाणेफेकीच्या वेळीच पंचांकडे ती मागावी.

पोटरीत गोळा आला तर: थांबा, पाय सरळ करा, पावलाची बोटं नडगीकडे ओढून धरा, २० ते ३० सेकंद थांबून सोडा, परत करा. गोळा येण्यामागे मीठ कमी पडणं हे नेहमीच मुख्य कारण नसतं. थकलेल्या स्नायूला मिळणारे मज्जासंस्थेचे संदेश बिघडतात, हे कारण बऱ्याचदा जास्त लागू पडतं. म्हणूनच ताणल्याने लगेच आराम पडतो आणि म्हणूनच पुन्हा जोरात पळलं की गोळा परत येतो. दोनदा आला तर बाहेर बसा.

शिट्टीनंतरची पहिली दहा मिनिटं

एकदम आडवं होऊ नका, एकाच जागी ताटकळत उभंही राहू नका. पळताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्यांच्या आकुंचनामुळे रक्त वर ढकललं जात असतं. एकदम थांबलं की रक्त पायांत उतरतं, रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते. पाच ते दहा मिनिटं चाला किंवा अगदी हलकं पळा. यामुळे दुसऱ्या दिवशीचं दुखणं कमी होईल अशी आशा मात्र धरू नका. तसा फरक फारसा दिसत नाही. जागच्या जागी ताणण्याच्या व्यायामांचंही तेच. बरं वाटत असेल तर हलकेच करा, पण जोर लावून ताणू नका, कारण तंतू आधीच दुखावलेले असतात.

ओले मोजे आणि बूट काढा. पायाची बोटं, टाच, नडगी नीट पाहा. खेळाच्या भरात न कळलेलं खरचटणं किंवा फोड आत्ता सापडला तर स्वच्छ धुऊन झाकता येतो.

पाण्याचा हिशेब

किती पाणी प्यायचं हे अंदाजाने ठरवू नका. एक साधा वजनकाटा पुरतो.

१. मॅचआधी लघवीला जाऊन आल्यावर, कमीत कमी कपड्यांत वजन करा.
२. मॅचमध्ये प्यायलेलं पाणी मोजता येईल अशी खुणांची बाटली वापरा.
३. मॅचनंतर घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा वजन करा.

समजा आधी ७० किलो, नंतर ६८.६ किलो आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलं. वजन १.४ किलो घटलं, म्हणजे घाम सुमारे १.९ लिटर गेला. (मध्ये लघवीला गेला असाल तर तेवढं वजा धरा.) भरून काढायची तूट १.४ लिटर. पण प्यायलेल्या पाण्यातलं काही लघवीवाटे निघून जातं, म्हणून तुटीच्या दीडपट, म्हणजे सुमारे २.१ लिटर, पुढच्या चार-पाच तासांत थोडं थोडं करत प्यायचं. एका बैठकीत दोन लिटर रिचवलं तर बहुतेक लघवीतच जातं.

नुसतं पाणी पुरत नाही. लिटरभर घामात सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, काहींच्या घामात त्याहून बरंच जास्त. कपड्यांवर पांढरे डाग उमटत असतील तर तुम्ही त्यांतले समजा. जेवणात नेहमीचं मीठ असेल आणि सोबत पाणी प्यायलं तर बहुतेकांचं भागतं. जेवायला उशीर असेल तर वर सांगितलेलं पेय किंवा ओआरएस घ्या.

उलट चूकही होते. मॅचनंतरचं वजन आधीपेक्षा जास्त भरलं, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात. रक्तातलं सोडियम फार पातळ झालं तर डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस गोंधळतो. हे जिवावर बेतू शकतं.

खाणं: पहिले चार तास आणि पुढचे दोन दिवस

मॅचनंतर लगेचच्या तासांत स्नायू साखर सर्वांत झपाट्याने साठवतात. दोन दिवसांत पुन्हा खेळायचं असेल तर पहिले चार तास दर तासाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ ग्रॅम कर्बोदकं घ्या. पुढची मॅच आठवड्याने असेल तर इतकी घाई नको. दोन तासांत एक नीट जेवण झालं की झालं.

६५ किलो वजनाच्या खेळाडूसाठी पहिल्या तासाचा एक सोपा मेळ: दोन मध्यम केळी, अर्धा लिटर दूध आणि एक उकडलेलं अंडं. यातून सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदकं आणि २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, शिवाय पाणी आणि थोडं सोडियमही. दूध पचत नसेल तर २५० ग्रॅम शिजलेला भात (सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं) आणि त्यासोबत अंडी, मासे, चिकन, सोयाबीन किंवा कडधान्य.

प्रथिनं एकाच वेळी भरपूर खाण्यापेक्षा दर तीन-चार तासांनी २० ते २५ ग्रॅम अशी विभागून खा. नियमित खेळणाऱ्याला दिवसाला दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास पुरतात. प्रोटीन पावडर सोयीची असते, आवश्यक नसते.

फुटबॉलनंतर साठा भरायला इतर खेळांपेक्षा जास्त वेळ लागतो, याचं कारण पुन्हा ते दुखावलेले तंतू. रक्तातली साखर आत घेण्याची त्यांची क्षमता काही काळ मंदावते. म्हणून मॅचच्या दुसऱ्या दिवशी ‘आज खेळलो नाही, कमी जेवू’ असं करू नका. वजन उतरवण्यासाठी खेळणारे हमखास इथेच चुकतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय उचलत नाहीत. खाण्यात कपात करायचीच असेल तर मॅचपासून दोन-तीन दिवस लांब करा.

दारू त्या रात्री टाळा. स्नायूंची बांधणी तिने मंदावते, झोप तुटक होते आणि जखमेची सूजही वाढू शकते.

रात्र

गारेगार टबपासून महागड्या मसाज गनपर्यंत काहीही विकत घ्या, झोपेची बरोबरी त्यातल्या कशानेच होत नाही. प्रौढांना ७ ते ९ तास, किशोरवयीन मुलामुलींना ८ ते १० तास हवेत.

अडचण अशी की संध्याकाळच्या मॅचनंतर झोप येत नाही. अंग तापलेलं असतं, उत्तेजित करणारी संप्रेरकं रक्तात असतात, डोक्यात हुकलेली संधी फिरत असते. मॅचआधी कॉफी किंवा कॅफिनचं पेय घेतलं असेल तर पाच-सहा तासांनंतरही त्यातलं निम्मं शरीरात असतं; रात्रीची मॅच असेल तर ते वगळा. घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, खोली थंड आणि अंधारी, फोन दूर. तरी तासभर उशिराच झोप लागेल. सकाळचा गजर तेवढा पुढे ढकला, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी २० ते ३० मिनिटं पडा.

पहिला, दुसरा, तिसरा दिवस

पहिल्या दिवशी, म्हणजे मॅचच्या लगेच पुढच्या दिवशी, २० ते ३० मिनिटं चालणं, सायकल किंवा पोहणं, इतक्या हलक्या गतीने की सलग वाक्यं बोलता यावीत. पळणं नको. बसून काम असेल तर तासातून एकदा उठा.

दुसरा दिवस बहुधा सर्वांत वाईट. दुखणं पायऱ्या उतरताना, खुर्चीवर बसताना जाणवतं आणि थोडं हललं की कमी होतं. आज चेंडू घेऊन हलके पास, हलकं पळणं चालेल. स्प्रिंट, उड्या, जोरदार शॉट नकोत.

तिसऱ्या दिवशी स्वतःला तपासा. आधी एखाद्या ताज्यातवान्या दिवशी भिंतीशेजारी उभं राहून, जागच्या जागी उडी मारून, हात कुठपर्यंत पोहोचतो त्याची खडूने खूण करून ठेवलेली असावी. आज तीन उड्या मारा. सर्वांत चांगली उडी त्या खुणेच्या चार-पाच सेंटिमीटर खाली राहत असेल तर स्नायू अजून सावरलेले नाहीत, दुखत नसलं तरी. मग एका पायावर टाच उचलणं, प्रत्येकी १५ वेळा. मग पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, त्यांच्यामध्ये फुटबॉल दाबून धरणं, ५ सेकंद. जांघेत टोचलं तर त्या दिवशी वळणं आणि लांब शॉट बंद. हे सगळं जमलं की ७० टक्के, मग ८०, मग ९० टक्के वेगाने प्रत्येकी दोन धावा. त्यानंतरच पूर्ण सराव.

पूर्ण ९० मिनिटांच्या दोन मॅचमध्ये किमान ७२ तास ठेवा. ३५-४० वर्षांपुढच्या आणि नव्याने खेळायला लागलेल्या खेळाडूने आठवड्यातून एकच पूर्ण मॅच खेळलेली बरी.

बर्फाचं पाणी, मसाज, रोलर

१० ते १५ अंशांच्या पाण्यात कंबरेपर्यंत १० ते १५ मिनिटं बसल्याने दुखणं काहीसं कमी वाटतं. लागोपाठ मॅच असलेल्या स्पर्धेत याचा उपयोग आहे. पण ताकद वाढवण्याच्या व्यायामानंतर नेमाने असं बसलं तर स्नायूंची वाढ मंदावते. म्हणून रोजची सवय लावू नका. एकट्याने, हृदयविकार असताना किंवा दारू प्यायल्यावर तर मुळीच नको.

मसाज आणि फोम रोलरने (स्नायूंखाली फिरवायच्या फोमच्या नळकांड्याने) दुखणं थोडं हलकं होतं, ताकद लवकर परत येते असं नाही. घट्ट मोज्यांचंही साधारण तेच.

वेदनाशामक गोळी घेऊन खेळायला उतरणं हा प्रकार बंद व्हायला हवा. आयबुप्रोफेनसारखी औषधं, घामाने आटलेलं शरीर आणि जोराचा व्यायाम हे एकत्र आलं की मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय वेदना झाकली जाते आणि साधी लचक मोठी होते.

दुखणं की दुखापत

साधं दुखणं दोन्ही पायांत, पसरलेलं, मॅचनंतर काही तासांनी सुरू होणारं असतं. दुखापत एका क्षणी होते: स्प्रिंट मारताना मांडीमागे चमक भरते, ‘कट’ असा आवाज येतो, बोट ठेवून जागा दाखवता येते. शंका आली की खेळ थांबवा. पहिले दोन-तीन दिवस पट्टी बांधून पाय उंच ठेवा, बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं लावा, त्या जागी मालीश किंवा शेक नको. नंतर वेदना वाढणार नाही इतपत हालचाल सुरू करा. दोन आठवडे नुसतं पडून राहिल्याने स्नायू कमजोर होतो.

पुढच्या गोष्टींत वाट पाहू नका:

घोटा मुरगळल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर दाबलं की दुखतं, तर एक्स-रे काढा. गुडघ्यात आवाज येऊन काही तासांत तो टम्म फुगला तर अस्थिबंध फाटल्याची शक्यता असते. लघवी कोलासारखी गडद झाली आणि स्नायू प्रचंड दुखत असतील तर स्नायूंचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडाला धोका असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डोक्याला मार लागून भोवळ, मळमळ, विसरणं, अंधूक दिसणं यातलं एकही लक्षण दिसलं तर खेळाडूने त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही. ‘आता बरं वाटतंय’ हे चालणार नाही.

उन्हात खेळताना कोणी असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा कोसळला आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात समजा. आधी थंड करा, मग न्या: गार पाण्यात बुडवा, ते नसेल तर सतत पाणी ओता, ओले गार कपडे बदलत राहा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. कोणाचा धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट नसेल, तर हृदय थांबलं असं धरून छाती दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि एईडी यंत्र (हृदयाला विजेचा झटका देणारं) मागवा. १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेत डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन मैदानावर असाच कोसळला होता. छाती दाबणं तिथल्या तिथे सुरू झालं, यंत्राने झटका दिला गेला आणि तो वाचला. तुमच्या मैदानाजवळचं एईडी कुठे आहे हे खेळायला सुरुवात करण्याआधी माहीत करून घ्या.

आठवड्याचा भार मोजणं

प्रत्येक सत्रानंतर अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, किती अवघड गेलं, ० ते १० मध्ये. तो आकडा खेळलेल्या मिनिटांनी गुणा. ९० मिनिटांची मॅच ७ वाटली तर ६३०; ६० मिनिटांचा हलका सराव ३ वाटला तर १८०. आठवड्याची बेरीज वहीत लिहा, सोबत झोपेचे तास आणि सकाळचं अंगदुखीचं मान १ ते ५ मध्ये. बेरीज एका आठवड्यात एकदम दुप्पट होऊ देऊ नका. पूर्वी न खेळलेल्यांनी पहिले तीन-चार आठवडे छोट्या मैदानावर २० मिनिटांचे दोन हाफ, आठवड्यातून एकदा-दोनदा, एवढंच ठेवावं आणि मग दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं वाढवावीत. सकाळची नाडी सलग तीन-चार दिवस नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त, झोप उडालेली, चिडचिड, सर्दी वरचेवर, असं दिसलं तर तो आठवडा निम्म्या भाराने काढा. मासिक पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर शरीराला खेळाच्या मानाने अन्न कमी पडत असण्याची दाट शक्यता असते. तिथे भार आणि खाणं दोन्ही डॉक्टरांना दाखवून बदला.